गोळी खाऊन ड्यूटीला जावं का?

प्रश्न विचारणाऱ्या भावाचं म्हणणं थोडक्यात असं. वय 27. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे, काम पॉवर प्रेसवर. परवा रात्रीपासून ताप, 101 ते 102. अंग मोडून आलंय, डोळ्यांच्या मागे दुखतंय. गोळी घेतली की चार-पाच तास बरं वाटतं, मग पुन्हा कणकण. सुपरवायझर म्हणतो, "सप्टेंबरएंड आहे, माणूस नाही, गोळी खा आणि ये." खाडा पडला तर दिवसाचा पगार जातोच, वर 1,000 रुपयांचा हजेरी बोनसही जातो. रूमवर चौघं राहतात. तर सुट्टी टाकावी की जावं?

उत्तर आधी देते: जाऊ नका, आणि आजच रक्त तपासून घ्या. कारणं सविस्तर सांगते, कारण 'आराम करा' एवढं म्हणायला डॉक्टरचं काही जात नाही. खाडा डॉक्टरचा पडत नसतो.

मी भोसरीत जनरल प्रॅक्टिस करते आणि एमआयडीसीतल्या दोन कारखान्यांत ठरलेल्या वारी मेडिकल ऑफिसर म्हणून बसते. त्यामुळे दवाखान्यात "मॅडम, दोन दिवसांचं सर्टिफिकेट द्या" आणि कारखान्यात "मॅडम, फिट लिहा, आज जॉइन व्हायचंय" ही दोन्ही वाक्यं रोज कानावर पडतात. कधी कधी एकाच माणसाकडून, एकाच आठवड्यात.

तुमच्या प्रश्नाचा सूर आहे 'मला झेपेल का'. झेपेल की. विशी-तिशीतला माणूस 101 तापात शिफ्ट काढू शकतो, आणि तुम्ही याआधी काढलीही असेल. पण झेपण्यावर हा निर्णय घ्यायचा नसतो. मी पेशंटला दोन गोष्टी विचारते. हात कशावर चालतो? आणि आत्ता जे बरं वाटतंय ते तुमचं आहे की गोळीचं? पैशांचं तिसरं, तेही सोडणार नाही, पण आधी हे दोन.

प्रेसचं बघा. दोन्ही हातांनी एकदम दाबायची दोन बटणं दिलेली असतात ती रॅम (वरून दाबणारा भाग) खाली येताना हात डायच्या (खालच्या साच्याच्या) बाहेर राहावेत म्हणून. टार्गेट गाठायच्या नादात त्यातलं एक बटण चिकटपट्टीने किंवा लाकडाची पाचर मारून कायमचं दाबून ठेवलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. तुमच्याकडे तसं नसेल तर उत्तमच. पण एखादा पार्ट अडकला, तर तो काढायला हात आत जातोच, आणि त्या क्षणाला लागणारी सावधगिरी तापात राहत नाही. ताप आलेला माणूस मुद्दाम हलगर्जी करतो असं नाही. त्याचं लक्ष मध्येच सुटतं आणि सुटलंय हे त्याला कळत नाही. हिशेब साधा आहे. दुपारी अडीचला गोळी घेऊन तुम्ही तीनच्या शिफ्टला गेलात, तर सात-साडेसातला गोळी उतरेल आणि थंडी वाजायला लागेल. त्या वेळी तुम्ही मशीनवर असाल. खिशातली दुसरी गोळी घेतली तरी ती लागू पडायला अर्धा-पाऊण तास जातो. तेवढ्यात किती स्ट्रोक पडतात ते तुम्ही मला सांगा.

आणि ती गोळी नेमकी कुठली, हेही बघा. मेडिकलमधून 'सर्दी-तापाची' म्हणून जी पट्टी मिळते, तिच्यात बहुतेक वेळा पॅरासिटामॉलबरोबर क्लोरफेनिरामाइन असतं. त्याने नाक थांबतं आणि झोपही येते. ती खाऊन प्रेसवर, फोर्कलिफ्टवर, उंच शिडीवर किंवा दुचाकीवरून हायवेला जाणं मला मान्य नाही, मग ताप असो वा नसो. शिवाय सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल आहे हे लक्षात न घेता वरून आणखी एक डोलो (तेही पॅरासिटामॉलच) घेणारे रोज भेटतात.

आता बरं वाटण्याचं. माझ्याकडे कोणी फिट लिहून घ्यायला आलं की थर्मामीटर लावायच्या आधी मी विचारते, "शेवटची गोळी कधी घेतली?" बरेच जण बाहेर बाकावर बसल्या बसल्या गोळी घेऊन, घाम पुसून आत येतात आणि पारा 98 दाखवतो. तो आकडा गोळीचा असतो. माझा नियम असा: गोळी न घेता पूर्ण 24 तास ताप आला नाही, तर ताप गेला असं धरायचं. फ्लूसाठी तर हा नियम हवाच, कारण फ्लूचा माणूस लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस दुसऱ्याला आजार देऊ शकतो, आणि ताप चढलेला असताना सगळ्यात जास्त.

पण तुमचं वर्णन वाचून मला फ्लूपेक्षा डेंग्यूची शंका जास्त येते. सप्टेंबर महिना, एकदम चढलेला ताप, डोळ्यांमागचं दुखणं, मोडलेलं अंग. नाक वाहतंय किंवा घसा धरलाय असं तुम्ही कुठे लिहिलेलं नाही. समोर बसवून, पोट दाबून, डोळे बघून तपासल्याशिवाय मी ठाम काही म्हणणार नाही. मलेरियाही असू शकतो, साधा व्हायरलही असू शकतो. गुडघाभर पाण्यातून चालून आला असाल आणि पोटऱ्या दुखत असतील, डोळे लाल झाले असतील, तर लेप्टोचाही (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या पाण्यातून होणारा ताप) विचार करावा लागतो, तेव्हा डॉक्टरांना ते आठवणीने सांगा. आजचा तुमचा तिसरा दिवस धरला तर एनएस-1 (डेंग्यूची रक्ततपासणी), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि मलेरियाची स्लाइड एवढ्या तपासण्या पुरेत. एनएस-1 पहिल्या पाच दिवसांत उपयोगाची असते. तुम्ही आठवडाभर थांबून आलात तर ती निगेटिव्ह येऊ शकते आणि मग आयजीएम, म्हणजे अँटिबॉडीची तपासणी, बघावी लागते.

डेंग्यूत सगळ्यात जास्त फसगत ताप उतरण्याची होते. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप खाली येतो, माणसाला वाटतं सुटलो, आणि तो बॅग उचलून कामाला जातो. ज्यांचा डेंग्यू गंभीर व्हायचा असतो, त्यांचा बहुतेक वेळा त्याच एक-दोन दिवसांत होतो. रक्तवाहिन्यांमधून पाणी बाहेर झिरपायला लागतं, रक्त दाट होतं, बीपी पडतं. ताप नसल्यामुळे घरचेही निर्धास्त असतात. म्हणून ताप गेल्यानंतरचे दोन दिवस मी तापाच्या दिवसांपेक्षा जास्त जपायला सांगते. पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, उठताना चक्कर, लघवी कमी होणं, माणूस सुस्त किंवा उगाच अस्वस्थ होणं, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच हॉस्पिटल गाठायचं. प्लेटलेटचा आकडा व्हॉट्सॲपवर फिरवत बसणारे नातेवाईक ही लक्षणं सोडून पपईच्या पानांच्या मागे धावतात. तो वेळ ओआरएस, ताक, पेज पोटात घालण्यात घालवला तर बरं.

यावरूनच आणखी एक. "मॅडम, एक सुई मारा, ड्यूटीवर जायचंय" हे वाक्य आमच्या पट्ट्यात 'नमस्कार'इतकं ऐकू येतं. ती सुई बहुधा डायक्लोफेनॅकची असते. त्याने ताप आणि अंगदुखी धाडकन उतरते, म्हणून ती लोकांना आवडते आणि काही डॉक्टरांनाही आवडते, पेशंट खूश होऊन जातो. डेंग्यूची शंका असताना डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन यांतलं काहीही घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन आहे, म्हणून तीही नको. फक्त साधं पॅरासिटामॉल. 650 ची एक गोळी, दोन गोळ्यांमध्ये निदान सहा तास, दिवसाला चारच्या वर नाही. यकृताचा जुना त्रास असेल किंवा रोजचं पिणं असेल तर त्याहून कमी, आणि डॉक्टरांना सांगून.

रूमवरच्या तिघांना तुमच्या श्वासातून डेंग्यू होणार नाही. पण तापाच्या दिवसांत तुम्हाला चावलेला डास पुढे त्यांना डेंग्यू देऊ शकतो, आणि हा डास दिवसा चावतो. तेव्हा तुम्ही दिवसाही मच्छरदाणीत झोपा. कूलरचं पाणी, बाथरूममधला ड्रम, खिडकीतल्या कुंड्या आजच रिकाम्या करायला त्यांना सांगा. पुढच्या आठवड्यात चौघांचा खाडा पडण्यापेक्षा ते बरं.

आता पैसे. इथे मी तुमच्यापासून काही लपवणार नाही: दोन दिवसांच्या तापासाठी तुम्हाला बहुधा काहीच परत मिळणार नाही. पण आजार आठवडाभर चालला तर मिळू शकतं, आणि ते न मागणारे खूप आहेत.

पगाराची स्लिप काढून बघा. एकूण पगार 21,000 पर्यंत असेल तर 0.75 टक्के ईएसआयची (सरकारी कामगार विम्याची) कपात दिसायला हवी. 15,000 पगार असेल तर 113 रुपयांच्या आसपास. मालकाकडून 3.25 टक्के वेगळे जातात. कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसालाही हे लागू आहे, ठेकेदाराने 'तुला नाही बसत' म्हटलं तरी. कपात होत असेल तर ईएसआयच्या दवाखान्यात तुमच्यावर आणि घरच्यांवर उपचार होतात, त्यासाठी किती दिवस भरले ही अट नाही. आजारपणाचा रोख भत्ता वेगळा. तो दिवसाच्या सरासरी पगाराच्या 70 टक्के मिळतो, वर्षाला जास्तीत जास्त 91 दिवस. त्याला अट आहे ती मागच्या सहामाहीतल्या 78 दिवसांची. तुम्ही सप्टेंबरमध्ये आजारी पडलात, म्हणजे गेल्या ऑक्टोबर ते मार्चमधले दिवस मोजले जातील. मध्येच ठेकेदार बदलला असेल आणि नव्याने दुसरा आयपी नंबर (ईएसआयचा विमा नंबर) काढला गेला असेल, तर दिवस दोन नंबरांत विभागले जातात आणि माणूस अटीत बसत नाही. हा गोंधळ आजारी पडायच्या आधी निस्तरून घ्यावा, पण आधी घेतो कोण. आजाराचे पहिले दोन दिवस भत्त्यात धरत नाहीत, म्हणून आठवड्याचा आजार असेल तर पाच दिवसांचे पैसे मिळतात. आणि सर्टिफिकेट ईएसआयच्या डॉक्टरचं लागतं. माझ्यासारख्या खासगी डॉक्टरच्या लेटरहेडवर तो क्लेम अडतो. म्हणून पहिल्याच दिवशी तिथे जाऊन केसपेपर काढा. बरं झाल्यावर 'मागच्या तारखेचं द्या' म्हणून येणाऱ्याला मी देत नाही आणि तेही देत नाहीत.

हा भत्ता चालू असताना मालकाला कामगाराला कामावरून काढता येत नाही, असा कायदा आहे. कायद्याचं सांगितलं. ठेकेदार काढत नाही, तो नुसता पुढच्या महिन्यात फोन करत नाही, हेही मला माहीत आहे. म्हणूनच तुमच्या बाबतीत कागद महत्त्वाचा, आणि वेळेवर कळवणं त्याहून महत्त्वाचं. सुपरवायझरला राग सुट्टीचा कमी येतो. शिफ्ट लागल्यावर माणूस नाही हे कळतं आणि फोन बंद लागतो, त्याचा जास्त येतो. मी पेशंटला माझ्यासमोरच मेसेज टाइप करायला लावते. 'तब्येत बरी नाही, आज येत नाही' असला मेसेज नको, तो सगळेच पाठवतात. असा लिहा:

"सर, परवापासून 102 ताप आहे. डॉक्टरांनी डेंग्यूची तपासणी सांगितली आहे. प्रेसवर उभं राहण्यासारखी स्थिती नाही. आज आणि उद्या येऊ शकत नाही. रिपोर्ट संध्याकाळी येईल, आल्यावर फोटो पाठवतो आणि पुढचं सांगतो."

शिफ्टच्या निदान चार तास आधी पाठवा, म्हणजे त्यांना बदली माणूस बघता येईल. हाच मेसेज ठेकेदारालाही पाठवा आणि डिलीट करू नका. तरीही ते 'गोळी खा आणि ये' म्हणाले, तर ते त्यांच्याकडून लेखी येऊ द्या. प्रेसवर तापाचा माणूस उभा करा असं मेसेजवर लिहून द्यायला सहसा कोणी धजत नाही.

हे सगळं वाचून मी प्रत्येकाला घरी बसवणारी डॉक्टर आहे असा समज होईल, म्हणून सांगते: मी कामावर पाठवते तेही बरेच. ताप नाही, नुसतं नाक वाहतंय, भूक आहे, झोप लागतेय, तर मास्क लावून जा. व्हायरल होऊन गेल्यावर कोरडा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो, त्यासाठी रजा संपवू नका. कंबर धरली असेल तर बहुतेकांना अंथरुणात पडून राहण्यापेक्षा हिंडतं-फिरतं राहिल्याने लवकर आराम पडतो, फक्त वजन उचलायचं काम नको. पाळीच्या दुखण्यासाठी रजा मागताना बाया 'पोट बिघडलंय' म्हणतात, आणि मीही सर्टिफिकेटवर पोटदुखी एवढंच लिहिते. त्यात खोटं काही नाही.

उलट काही जण स्वतःला ठणठणीत समजतात आणि मी त्यांना गेटवरूनच परत पाठवते. कँटीनमधल्या माणसाला जुलाब-उलट्या झाल्या असतील तर त्या थांबल्यावरही पुढचे 48 तास तो पोळ्या लाटणार नाही, वाढणारही नाही. कांजिण्यांचा माणूस सगळ्या फोडांना खपल्या धरेपर्यंत घरी. डोळे आलेला माणूस एकच टॉवेल, एकच पंचिंग मशीन, एकच हँडल वापरून अख्खी लाइन आजारी पाडतो, 2023 च्या पावसाळ्यातल्या साथीत ते महाराष्ट्रभर सगळ्यांनी पाहिलं. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर मात्र तो 'रेंगाळलेला' आहे असं गृहीत धरू नका, थुंकी तपासून टीबी नाही ना ते आधी बघायचं.

लॅपटॉपवाल्यांचंही एक. हिंजवडीचे पेशंट म्हणतात, "घरूनच करतो, रजा कशाला?" तापात घरून केलेलं काम हेही कामच आहे. चादरीत बसून रात्री अकरापर्यंत कॉल घेणाऱ्याचा आजार लांबतो, एवढं मी बघत आलेय. वीस किंवा त्याहून जास्त माणसांच्या दुकानांना आणि आस्थापनांना महाराष्ट्रात जो 2017 चा कायदा लागू आहे, त्यात वर्षाला 8 दिवस पगारी किरकोळ रजा आहे. ती आजारपणात नाही वापरायची तर कधी?

तुमच्याकडे परत येते. रिपोर्टमध्ये डेंग्यू निघाला तर पूर्ण आठवडा धरून चला, काहींना दोन लागतात. पुन्हा जॉइन कधी व्हायचं, तर गोळीशिवाय 48 तास ताप नाही, दोन्ही वेळचं जेवण जातंय, प्लेटलेट चढत्या आहेत आणि जिना चढून उभं राहिल्यावर चक्कर येत नाही, एवढं जमल्यावर. डेंग्यूनंतरचा थकवा खरा असतो, त्याला आळस म्हणू नका आणि म्हणू देऊ नका. रिपोर्ट निगेटिव्ह आले आणि ताप उद्याही राहिला, तर सीबीसी पुन्हा करा. एका निगेटिव्ह रिपोर्टवर मी कोणाला प्रेसवर पाठवत नाही. आणि रिपोर्ट साफ आले, ताप उद्या सकाळपर्यंत स्वतःहून गेला, गोळी लागली नाही, तर परवापासून जा, माझी हरकत नाही.

जाल त्या दिवशी सरळ मशीनवर उभे राहू नका. फिट सर्टिफिकेट म्हणजे नुसतं 'फिट' किंवा 'अनफिट' असं नसतं. 'आठ दिवस प्रेसवर नको, नाइट शिफ्ट नको, बसून इन्स्पेक्शन किंवा पॅकिंगचं काम चालेल' असं आम्ही त्यावर लिहू शकतो. डॉक्टर सहसा आपणहून लिहीत नाहीत, तुम्ही मागून घ्या. त्याची झेरॉक्स कंपनीच्या मेडिकल रूममध्ये द्या, एक ठेकेदाराला द्या, आणि मूळ प्रत स्वतःकडे ठेवा.